साडेसोळा लिटरचे हवालदार

आमच्या शेजारचे हवालदार पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा डबा बांधत, यात सांगण्यासारखं काही नाही. सांगलीत निम्मं गाव तसंच शिकलेलं आहे. गोडेतेलाचा मोठा डबा घ्यायचा, तोंड डाग देऊन बंद करायचं, दोरीने पाठीला बांधायचा आणि कृष्णेत उतरायचं. आतली हवा तरंगवते, माणूस हातपाय मारतो. सांगण्यासारखं हे, की हवालदार त्या डब्यात पाणी भरत आणि मग तो बांधत.

एकदम नव्हे. दर सोमवारी अर्धा लिटर. झाकणाला त्यांनी एक भोक ठेवलं होतं आणि त्याला लाकडी बूच बसवलं होतं. सोमवारी सकाळी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून बूच काढायचं, दुधाच्या मापाने मोजून अर्धा लिटर नदीचं पाणी आत ओतायचं आणि बूच दगडाने ठोकून घ्यायचं. डब्यात सगळी हवा असली की आधार पुरा. सगळं पाणी झालं की आधार शून्य. मधल्या काळात आधार इतका सावकाश काढून घ्यायचा, की कधी गेला ते समजू नये.

"अंगाला कळवायचं न्हाई," हवालदार म्हणत. "कळलं की अंग भितंय."

कल्पना त्यांची होती, गणित माझं. डब्यात साडेसोळा लिटर पाणी मावतं, हे मी स्वतः मोजलं. आठवड्याला अर्धा लिटर, म्हणजे तेहतीस आठवडे. चौऱ्याहत्तरचा दसरा झाला, पाणी निवळलं आणि आम्ही सुरुवात केली. तिथून मोजलं तर हवालदार जूनच्या तोंडाला, पहिला पूर यायच्या आत, बिनआधाराचे पोहू लागणार होते. मी हे एका कागदावर मांडून दिलं. त्यांनी तो भिंतीला चिकटवला. त्या दिवसापासून मला नीट झोप लागली नाही. माणूस स्वतःच्या हिमतीवर पाण्यात उतरत होता, पण बुडाला असता तर माझ्या आकड्यांनी बुडाला असता.

मी पाटबंधारे खात्यात नदीची पातळी वाचायच्या कामावर होतो. पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. ते रोज सकाळी आठला वाचायचे, वहीत लिहायचे आणि वर कळवायचे. हवालदार म्हणजे सिदू गोरड. माणदेशातले, म्हसवडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. एकोणीस वर्षं पलटणीत काढून आले होते आणि हरिपूरला हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांवर पहारेकरी म्हणून लागले होते. आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत एकटेच राहत. वय पन्नाशीला एखादं वर्ष कमी. उंच, वाळलेले, मान नेहमी सरळ.

पहिल्या भेटीतच त्यांनी मला विचारलं होतं, "रिपोट काय, सायब?" मला वाटलं, माझ्या तब्येतीची चौकशी आहे. त्यांना नदीची पातळी हवी होती. मग तो रोजचाच परिपाठ झाला. ते अंगणात ताठ उभे राहून विचारत आणि मी आदल्या दिवसाचा आकडा सांगे. पाणी दोन इंचांनी वाढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे.

पलटणीत ते रसद खात्यात होते. धान्य, बटाटे, साबण मोजून घ्यायचे आणि मोजून द्यायचे. लढाईचं कुणी विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगत, "लढाई झाली तवा मी बटाटं मोजत हुतो." पोहण्याचा प्रश्नच कधी आला नव्हता. त्यांच्या वस्तीवर पाणी होतं ते पोहऱ्यात मावण्याइतकं. मोजायची सवय मात्र होती, म्हणून पाण्याबाहेर आले की ते हिशेबाने बोलत. डोळे लाल, कानात पाणी, दात वाजताहेत, आणि हवालदार पायरीवर टाचा जुळवून मला सांगत, "काटापासनं तीस फूट. हानी न्हाई. बेपत्ता न्हाई." पाण्यात एकटे तेच असत. बेपत्ता दुसरं कोण होणार, हे मी विचारलं नाही.

घाटावर त्यांची चेष्टा व्हायची ती व्हायचीच. पलीकडच्या तीराला नाव चालवणारा दत्तू यात पुढे असे. "हवालदार, पानीच भरायचं तर घरी नळ हाय की. हिकडं कशाला दमता?" असं तो नावेतूनच विचारी. दुसऱ्या दिवशी म्हणे, "लोकं डबा घिऊन पवत्यात. ह्यो गडी डब्याला पवायला शिकीवतोय." सोमवारचं माप मात्र हवालदार दत्तूकडे पाठ करून ओतत.

माझी पत्नी चेष्टा करत नसे. ती सरळच विचारी, की तुम्ही त्यांना शिकवताय की बुडवताय. मी तिला तक्ता दाखवला. ती म्हणाली, तक्ता तरंगेल, हवालदारांचं काय?

संक्रांतीच्या सुमारास मला कळलं की हा नुसता पोहण्याचा नाद नाही. हवालदारांचं अक्षर ठळक पण वेडंवाकडं, म्हणून घरच्या पत्रावरचा पत्ता ते माझ्याकडून लिहून घेत. त्या दिवशी त्यांनी पत्रही वाचून दाखवलं. शेळी व्यायली का, धाकटीचं कुठं जुळतंय का, असं सगळं विचारून झाल्यावर शेवटी लिहिलं होतं, "मी कृष्णा नदी पोहून पार केली. पाणी थंड होते. काळजी नसावी."

त्या दिवशी डब्यात साडेसहा लिटर पाणी होतं आणि हवालदार काठापासून तीस फुटांच्या पुढे कधी गेले नव्हते.

मी म्हणालो, हवालदार, हे खोटं आहे.

"खोटं न्हाई सायब. ॲडव्हान्स हाय."

मी पत्ता लिहायला नकार दिला. पत्त्यात खोटं काही नव्हतं, पण पत्रात होतं. हवालदार रागावले नाहीत. खाली बसले आणि बोटाने जमिनीवर रेघा ओढत बोलले. मेंढरांपायी आणि सासूच्या दुखण्यापायी बायको वस्ती सोडून कधी आली नाही. तिला वाचता येत नाही. पत्र आलं की मास्तरकडून वाचून घेते आणि तेव्हा सगळी वस्ती गोळा होते. "एकुनीस वरसं लिवतोय सायब. तांदूळ मोजला, साबन मोजला. चार लोकांत ऐकून तिला बरं वाटावं असं त्यात काय हुतं?" धाकटीचं लग्न उरकलं की ती कायमची इकडे राहायला येणार होती. तोवर नदी खरोखर पार करायची आणि पत्र खरं करायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी पत्ता लिहिला. मी आयुष्यात ज्या गोष्टींची जबाबदारी घेतली, त्यांत ही बसत नव्हती, पण घेतली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डब्यात आठ लिटर पाणी झालं आणि माझं गणित उलटलं. मी आधार मोजला होता. पाणी हलतं, हे मोजलं नव्हतं. भरलेला डबा गप्प असतो, रिकामाही गप्प असतो. अर्धा डबा गप्प बसत नाही. काठापासून चाळीस फुटांवर हवालदारांनी उजवा हात जरा जोराने मारला, आतलं पाणी एका अंगाला धावलं, डबा पाठीवरून कुशीवर आला आणि हवालदार उपडे झाले. वर दिसत होता तो फक्त डबा. मी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली. ओढत काठाला आणलं. त्यांनी बरंच पाणी ओकलं. टाचा जुळवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"रिकामा बरा, भरला बरा," थोड्या वेळाने ते म्हणाले. "अर्धा लय वंगाळ."

मी म्हणालो, आता पुरे. त्यांनी मान हलवली. आठ दिवस ते घाटावर आले नाहीत, की अंगणात उभं राहून पातळी विचारली नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. मी रोज आकडा वाचून आलो की उगीच त्यांच्या दाराकडे बघत राही. नवव्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन माझ्या दारात उभे होते. डबा आता चार दोऱ्यांनी बांधायचा, हात बेतानं मारायचा, एवढं ठरवून आले होते.

मी एक अट घातली. बारीक सुताचा दोर आणला, दर दहा फुटांवर एक गाठ मारली आणि त्याचं टोक त्यांच्या कमरेला बांधलं. दुसरं टोक माझ्या हातात. बुडाले तर ओढता येतील आणि माझ्या हातातून किती गाठी सुटल्या त्यावरून किती गेले ते कळेल. दत्तूच्या नावेतून दोर पलीकडे नेऊन नदीही मोजली. आमच्या घाटासमोर तीस गाठी, म्हणजे तीनशे फूट.

त्यानंतर आमचं काम गाठींवर चाललं. मार्चमध्ये सहा गाठी. मग नऊ. मग अकरा. अकरावरून एका आठवड्यात सातवर आले, का ते त्यांना सांगता आलं नाही आणि मलाही. मी माझ्या वहीत लिहिलं, "घट." ते खट्टू होतील असं वाटलं होतं. पण अकरा आणि सात हे दोन्ही आकडे ते सारख्याच आवाजात सांगत. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा म्हणाले, मेंढरं रानातनं परत आणताना रोज सारखी चालत नाहीत, पण संध्याकाळी वाड्यात येतात. मी कुठल्याही तक्त्यात ही सोय ठेवली नव्हती.

एप्रिलच्या शेवटी पंधरा गाठी झाल्या. त्याच आठवड्यात पत्र आलं. लग्न अमुक दिवशी, आणि लग्नानंतर चार दिवसांनी हौसाबाई सांगलीला. मी त्यांच्या भिंतीवरचा कागद पाहिला. त्या येतील त्या दिवशी डब्यात साडेचौदा लिटर पाणी असणार होतं. दोन लिटर हवा शिल्लक. चार आठवडे कमी पडत होते. हवालदारांनी विचारलं, दर सोमवारी लिटरभर घातलं तर? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, हुकूम.

लग्नाला ते चार दिवस जाऊन आले. मागोमाग हौसाबाई आल्या, पत्र्याची एक ट्रंक, एक घोंगडं आणि बाजरीचं एक गाठोडं घेऊन. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालताना खाली बघणाऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घाटावर आल्या आणि वरच्या पायरीवर, पायरीची कड दोन्ही हातांनी धरून बसल्या. कितीतरी वेळ नदीकडे पाहत राहिल्या. मग मला विचारलं, "एवढं पानी, कुनाच्या मालकीचं?"

मी म्हणालो, कुणाच्याच नाही. ते त्यांना पटलेलं दिसलं नाही.

हवालदार उतरले. कधी नव्हे ते दत्तूही नाव बांधून बघायला बसला होता. गाठी माझ्या बोटांतून सुटत गेल्या. दहा. पंधरा. अठरा. वीस गाठींवर दोर थांबला. लग्नाला जायच्या आधीपासून ते रोज तिथेच थांबत होते. नदीचं पाणी तिथे गडद होतं आणि खोल आहे हे अंगाला कळतं. मी मनात म्हणत होतो, पुढे चला. दोर सैल पडला. हवालदार परत फिरले.

पायरीवर आले तेव्हा त्यांनी गाठी सांगितल्या नाहीत. हौसाबाईंकडे न बघता डबा सोडू लागले. दत्तूनेही तोंड उघडलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी दोर गुंडाळता गुंडाळता धीर द्यायला म्हणालो, अहो, दोनशे फूट गेलात आणि दोनशे आलात. आणि तिथेच थांबलो.

दोनशे आणि दोनशे, चारशे. नदी तीनशे फुटांची.

हा माणूस त्या नदीपेक्षा जास्त रोज पोहत होता. पंधरा गाठी झाल्या त्या दिवशीच त्याने नदीइतकं अंतर कापलं होतं. दोराने आम्हाला जाणं दाखवलं, येणं दाखवलं नाही. आणि मी, आयुष्यभर आकडे वाचणारा माणूस, येणं मोजायला विसरलो होतो. मी हे सगळं त्यांना दोनदा समजावून सांगितलं. मला वाटलं, त्यांचा चेहरा खुलेल.

ते उकिडवे बसले. "मंग पुढं का जाता येत न्हाई, सायब?"

मी दोराची गुंडाळी खाली ठेवली.

"माघारी फिरलं की हितं तुमी दिसता, दोर धरून," ते म्हणाले. "पल्याड कोन हाय?"

मला ती सबब वाटली. पलीकडे ऊस आहे, बांध आहे, चार बाभळी आहेत, असं मी म्हणालो. हौसाबाई त्यांचा टॉवेल पिळत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार वाजलं. हौसाबाई उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घट्ट घेऊन. हवालदार पेवावरच्या पहाऱ्याहून पावणेसातला परस्पर घाटावर येतात, हे त्यांनी एका दिवसात हेरलं होतं. म्हणाल्या, "भावजी, मला नावंतनं पल्याड न्या."

मी घोटाळ्यात पडलो. मी नावेत असलो तर दोर कोण धरणार? दोर नसला तर हवालदारांना पाण्यात कसं उतरू द्यायचं? मी दत्तूला वेगळं घेऊन सांगितलं, की आम्हाला सोडून नदीच्या मध्यावर येऊन थांब आणि नजर हलवू नकोस. त्याने चेष्टा केली नाही. बरं म्हणाला.

नाव हलली तशा हौसाबाई तळाशी बसल्या. दोन्ही हातांनी फळी धरली होती आणि डोळे मिटले होते. लाट लागली की बांगड्या फळीवर वाजत. मला त्यांचीही काळजी वाटू लागली. मी विचारलं, इतकी भीती वाटते तर कशाला आलात?

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "एकुनीस वरसं ह्यो मानूस गाडीनं कुटं कुटं जाऊन उतरला," त्या म्हणाल्या. "उतरून घ्यायला ठेसनावर कवा कोन गेलं न्हाई. म्या बी न्हाई."

पलीकडे उतरल्यावर त्या ओल्या वाळूत उभ्या राहिल्या. पावणेसातला हवालदार घाटावर आले. पायऱ्यांवर मला शोधलं. मग आम्ही त्यांना दिसलो असणार, कारण ते बराच वेळ न हलता उभे होते. दोर पायरीवर पडला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. डबा बांधला आणि उतरले.

मोजायला माझ्या हातात काहीच नव्हतं. नुसते डोळे. तेवढा वेळ मी कधी मोजला नाही, पण तो फार होता. वीस गाठींच्या जागी ते थांबले. मान मागे वळवून त्यांनी घाटाकडे पाहिलं. घाटावर कुणी नव्हतं. दत्तूने वल्हं उचलून धरलं होतं. हौसाबाई हाक मारतील असं मला वाटलं, पण त्यांनी हाक मारली नाही. त्या फक्त चार पावलं पुढे झाल्या, घोट्याइतक्या पाण्यात.

हवालदारांनी मान आमच्याकडे वळवली आणि हात मारायला सुरुवात केली.

सात महिने मी त्या माणसाला पोहत लांब जाताना पाहिलं होतं, म्हणजे पाठ पाहिली होती आणि पाठीवरचा डबा. पोहत माझ्याकडे येताना त्यांचं तोंड मी इतक्या जवळून नीट कधी पाहिलं नव्हतं. ते परत येताना मी नेहमी दोर गुंडाळण्यात असे. आज दिसलं ते असं: डोळे ताणलेले, ओठ घट्ट मिटलेले, आणि नजर एकाच जागी. मी बाजूला सरकलो तरी ती हलली नाही.

काठापासून वीसेक फुटांवर त्यांचे पाय वाळूला लागले. ते उभे राहिले आणि राहिलेलं अंतर धडपडत चालत आले. धाप इतकी की डबा वरखाली होत होता.

"सायब," ते म्हणाले, "शेवटलं चाललो. ईस फूट कमी धरा."

मी ते धरणारच होतो. शिवाय डब्यात दोन लिटर हवा शिल्लक होती, हेही माझ्या मनात होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणून इथे लिहितो. त्या वेळी बोललो नाही.

"किती का असंना," हौसाबाई म्हणाल्या. "आलासा न्हवं."

त्यांनी पदराखालून टॉवेल काढून दिला. हवालदारांनी तो तोंड पुसायला घेतला. नंतर बराच वेळ तोंड टॉवेलातून बाहेर आलं नाही, तेव्हा मी बांधावर चढून उसाकडे बघत उभा राहिलो.